वाटीचं दुखणं परत परत येतं, मांडी नीट आवळत नाही: काय तपासायचं, काय बदलायचं

जिना उतरताना, उकिडवं बसताना, खुर्चीत तासभर बसून उठताना गुडघ्याच्या वाटीमागे किंवा वाटीभोवती दुखतं. एक्स-रेमध्ये काही सापडत नाही. मग पुढच्या मांडीचे, म्हणजे क्वाड्रिसेप्सचे व्यायाम सांगितले जातात. काहींची मांडी आवळतच नाही. काहींची आवळते, पण प्रत्येक आवळण्यासोबत वाटी दुखते. आणि बऱ्याच जणांना महिनाभरात बरं वाटतं, व्यायाम सुटतो आणि दोन महिन्यांत दुखणं परत हजर होतं. या तिन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा एकच कागद हातात पडतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. खाली प्रत्येक तक्रार वेगळी घेतली आहे. आपली कोणती ते ओळखून तिथे जा, पण पहिले दोन भाग सगळ्यांनी वाचा.

आधी हे वगळा

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल, तर तो मांडी ‘न लागण्याचा’, म्हणजे न आवळण्याचा, प्रकार नव्हे. वाटी मोडलेली किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि अंगात ताप असेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, तर व्यायाम थांबवून आधी तपासणी. दहा ते सोळा वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल तर खुबा तपासल्याशिवाय गुडघ्याचे व्यायाम देऊ नका. या वयात खुब्याच्या हाडाचा वरचा भाग घसरला तरी मूल बोट गुडघ्याकडेच दाखवतं.

दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून बघा. वाटीच्या खालच्या टोकावर अगदी एका बोटाएवढी जागा दुखत असेल आणि उडी मारताना वाढत असेल, तर दुखणं बहुधा कंडरेचं आहे. गुडघा पूर्ण ताठ केल्यावर कंडरेच्या दोन्ही बाजूंना चिमटल्यासारखं होत असेल तर वाटीखालची चरबीची गादी दबते आहे. वाटीचं नेहमीचं दुखणं असं बोटाने दाखवता येत नाही. माणूस सगळा तळहात वाटीवर ठेवतो. सगळ्यांत कामाची चाचणी म्हणजे अर्धवट खाली बसणं. त्यात वाटीभोवती दुखलं तर आपण बरोबर वाटेवर आहोत.

मांडी ‘बंद’ का पडते

सांध्यात दुखणं किंवा पाणी असलं की तिथल्या संवेदना मज्जारज्जूत पोचतात आणि पुढच्या मांडीला जाणारा हुकूम तिथेच कमी केला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ‘जोर लावा’ म्हणून ती उठत नाही, म्हणून मांडी लागत नाही त्या माणसाला आळशी समजू नये. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी गुडघ्यात सलाइन सोडून हे मोजलं गेलं: २० ते ३० मिली द्रवाने मांडीचा आतला खालचा भाग दबला, बाकीचे भाग दबायला ५० ते ६० मिली लागलं. चार-पाच चमचे पाणी, आणि ते बाहेरून नजरेतही भरत नाही.

त्या आतल्या भागाचं नाव व्हॅस्टस मीडियालिस ऑब्लिक, फिजिओंच्या बोलण्यात व्हीएमओ. वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात थेंबासारखा फुगवटा दिसतो तो हाच. त्याचे तंतू मांडीच्या हाडाशी साधारण ५० ते ५५ अंशांत तिरके असतात, त्यामुळे तो वाटीला आत ओढून धरतो. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी वाटीला टेप लावून व्यायाम करण्याची पद्धत मांडली आणि त्यानंतर ‘व्हीएमओ जागा करा’ हा मंत्र जगभर पसरला. मंत्रात तथ्य आहे, पण अर्धंच. वाटी दुखणाऱ्यांच्या गटांत व्हीएमओ बाहेरच्या भागापेक्षा काही मिलिसेकंद उशिरा लागतो असं अनेक अभ्यासांत दिसलं. प्रत्येक माणसात मात्र ते दिसत नाही. शिवाय मांडीचे चारही भाग एकाच फिमोरल नसेवर चालतात. पाऊल बाहेर वळवून, गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून, पाय तिरका उचलून व्हीएमओ एकटा चालवता येतो हे मोजमापात टिकलेलं नाही. चेंडू दाबल्याने कुणाला मांडी आवळल्याची जाणीव चांगली होत असेल तर जरूर दाबा, फक्त त्यावर आठवडे घालवू नका.

‘शेवटचे पंधरा अंश व्हीएमओ करतो’ हा समजही असाच जुना. १९६८ मध्येच दिसून आलं होतं की गुडघा सरळ करताना शेवटच्या १५ अंशांसाठी मांडीला सुमारे ६० टक्के जास्त बळ लागतं. म्हणून पाय उचलल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहत असेल तर ती सगळ्या मांडीची कमजोरी असते.

तक्रार पहिली: मांडी आवळतच नाही

आधी पाणी बघा. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवा. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर मांडीकडे दोन-तीनदा फिरवा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा. आतल्या खळग्यात फुगवटा परत आला तर सांध्यात पाणी आहे. वाटीच्या साध्या दुखण्यात पाणी सहसा नसतं, त्यामुळे ते सापडलं तर डॉक्टरांना दाखवाच. ते आहे तोवर व्यायामाआधी बारीक फोडलेला बर्फ ओल्या फडक्यातून गुडघ्याभोवती २० मिनिटं ठेवा आणि पुढच्या अर्ध्या तासात मांडीचा व्यायाम करा. बर्फ सूज उतरवायला म्हणून व्यायामानंतर लावायची सवय सगळ्यांना आहे. इथे क्रम उलटा आहे, कारण गार झालेल्या सांध्याकडून मांडीवर येणारा दाब काही काळ कमी होतो आणि तेवढ्या वेळात मांडी चालवून घ्यायची असते. त्वचेला संवेदना कमी असतील किंवा थंडीने बोटं पांढरी पडत असतील तर बर्फ नको.

आता आवळणं. हा व्यायाम सगळ्यांना येतो असं वाटतं आणि सगळ्यांत जास्त चुका यातच होतात.

पाठ मागे टेकून अर्धवट बसा. पाय समोर लांब, गुडघ्याखाली ५ ते ७ सेंटिमीटर जाडीची टॉवेलची गुंडाळी. गुंडाळीशिवाय सपाट पायावर करू नका: पूर्ण ताठ गुडघ्यात चरबीची गादी चिमटते आणि स्नायू आवळला की नाही तेही नीट कळत नाही. एका हाताची दोन बोटं वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवा. दुसरा हात मांडीखाली, मागच्या स्नायूंवर. ‘वाटी कमरेकडे सरकवा’ असं मनात म्हणत हळूहळू दोन सेकंदांत आवळा, पाच सेकंद धरा, दोन सेकंदांत सोडा. दहा वेळा. मिनिटभर थांबून असे तीन फेरे, दिवसातून तीन-चारदा.

‘गुडघा खाली दाबा’ ही नेहमीची सूचना मुद्दाम टाळली आहे. खाली दाबायचं काम कुल्ले आणि मांडीमागचे स्नायूही करू शकतात. गुंडाळी छान दबते, बघणाऱ्याला व्यायाम झाला असं वाटतं आणि पुढची मांडी मऊच राहते. खालचा हात त्यासाठीच आहे: तिथे कडक आणि वर मऊ लागलं तर चुकतंय. टाचही सांगते. टाच अंथरुणात रुतत असेल तर मागचे स्नायू काम करताहेत. पुढची मांडी नीट आवळली तर टाच किंचित वर उचलली जाते. बाकीच्या चुका म्हणजे श्वास कोंडणं, पाऊल जोरात वर ओढून नडगीचा स्नायू आवळणं आणि एकदम झटका देणं. झटक्याने सुरुवात केली की दुखतं आणि दुखलं की मांडी परत दबते.

इतकं करूनही काही लागत नसेल तर पुढचे बदल याच क्रमाने करून बघा. आधी चांगल्या पायाची मांडी पाच वेळा आवळा, मग दोन्ही एकत्र, मग दुखऱ्या पायाची एकटी. त्यानेही जमलं नाही तर कोन बदला, आणि खरं तर हा बदल सगळ्यांत गुणकारी आहे. खुर्चीत बसा, गुडघा साधारण ६० अंश वाकलेला, नडगीच्या खालच्या भागासमोर न हलणारी वस्तू: भिंतीला टेकवलेलं जड टेबल, किंवा खुर्चीच्या मागच्या पायाला बांधलेला न ताणणारा पट्टा. पाय सरळ करायचा प्रयत्न करा, पण हालचाल होऊ देऊ नका. मध्यम जोर, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. मांडीची ओढण्याची ताकद ६० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते आणि वाटीचा हाडाशी संपर्क ताठ गुडघ्यापेक्षा पसरट असतो. ताठ पायात मेलेली वाटणारी मांडी या कोनात पहिल्याच दिवशी कडक झालेली लागते, असं पुष्कळदा होतं.

विजेच्या करंटने स्नायू आवळायला लावणारं मशीन वाटीच्या साध्या दुखण्यात सरसकट लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा मांडी अजिबात हुकूम घेत नसेल तेव्हा त्याचा उपयोग आहे, पण नीट लावलं तर. एक मोठा पॅड मांडीच्या वरच्या बाहेरच्या भागावर, दुसरा खाली आतल्या फुगवट्यावर. ५० ते ७५ हर्ट्झ, पल्स ३०० ते ४०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू आणि ५० सेकंद बंद, १० ते १५ आकुंचनं. गुडघा ६० अंशांवर बांधलेला. मांडी डोळ्यांना दिसेल इतकी आवळली पाहिजे आणि प्रत्येक वेळी माणसाने स्वतःही आवळलं पाहिजे. नुसत्या मुंग्या येईपर्यंत करंट ठेवून वीस मिनिटं झोपवून ठेवलं तर स्नायूला काही मिळत नाही. पेसमेकर, गर्भारपण, पायात रक्ताची गुठळी किंवा बधिर त्वचा असेल तर मशीन लावू नये.

स्नायूंचा विद्युत आलेख दाखवणारं बायोफीडबॅक यंत्र शिकवायला उत्तम. त्यावरून निदान करताना मात्र घसरायला होतं. आतल्या आणि बाहेरच्या भागाचे मायक्रोव्होल्ट थेट शेजारी ठेवून ‘व्हीएमओ निम्माच चालतो’ असं म्हणता येत नाही. त्वचेखालची चरबी, पॅडची जागा, तंतूंची दिशा यांनी आकडा बदलतो. दोन दिवसांची तुलनाही पॅड बरोबर त्याच जागी असला तरच. त्याच बैठकीत, त्याच पॅडवर, त्याच माणसाचा दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा वर गेला का, एवढंच त्याला विचारावं.

तक्रार दुसरी: आवळते, पण वाटी दुखते

इथे स्नायू चालू आहे; चुकतो तो कोन. वाटीवर पडणारा भार चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर साधारण तिपटीहून थोडा जास्त आणि खोल बैठकीत सात-आठ पट भरतो. दुसरी गोष्ट संपर्काची: गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटीचा लहानसा पट्टाच हाडाला टेकतो, वाकवत गेलं की तो रुंदावतो. दुखणं ठरतं ते भार किती आणि तो किती जागेवर वाटला गेला यावर.

यातून दोन साधे नियम निघतात. सरळ गुडघा म्हणजे ० अंश धरू. पाऊल हवेत असेल, म्हणजे खुर्चीत बसून पाय सरळ करणं, तर ९० ते ४५ अंशांत काम करा. पाऊल जमिनीवर असेल, म्हणजे अर्धी बैठक, पायरी, भिंतीला टेकून बसणं, तर ० ते ४५ अंशांत. कारण उलटसुलट आहे. पाऊल हवेत असताना घोट्याला बांधलेलं वजन पाय सरळ होत जाईल तसं मांडीला जास्त जड लागतं, आणि नेमकी तेव्हाच वाटीची टेकलेली जागा सगळ्यांत लहान असते. जमिनीवरच्या बैठकीत खाली जाल तसा भार चढतो.

म्हणून घोट्याला वजन बांधून, गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून शेवटचे तीस अंश सरळ करायचा जो व्यायाम सुरुवातीलाच दिला जातो, तो दुखऱ्या वाटीसाठी चुकीच्या जागी आहे. तो वाईट नाही. त्याची वेळ दोन-तीन महिन्यांनंतरची आहे. मशीनवर करत असाल तर ४५ अंशांवर खिळ लावून घ्या. घरी करत असाल तर पाय जिथे थांबायला हवा तिथे समोर उशी बांधलेलं स्टूल ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी अंदाज करावा लागत नाही. रबरी पट्टा वापरताना लक्षात ठेवा, तो ताणला जाईल तसा कडक होतो, म्हणजे सर्वांत जास्त ओढ शेवटी येते. पट्टा निवडताना ४५ अंशांवरची ओढ बघा.

बैठकीत धड थोडं पुढे झुकू द्या. पाठ भिंतीसारखी उभी ठेवायच्या हट्टाने सगळं वजन गुडघ्यावर येतं. झुकल्यावर कुल्ले वाटा उचलतात. ‘गुडघा बोटांच्या पुढे गेला नाही पाहिजे’ हा नियम कायमचा मानू नका. गुडघा पुढे गेला की वाटीवरचा भार वाढतो एवढंच खरं. दुखऱ्या काळात नडगी जरा उभी ठेवा, पुढे तोच कोन परत मिळवायचा आहे, कारण जिना उतरताना गुडघा पुढे जाणारच.

दुखलं तर किती चालेल? शून्य ते दहाच्या मापावर व्यायामात ३ पर्यंत दुखणं चालतं, अट अशी की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर कोन दहा अंशांनी कमी करा किंवा फेरे एकाने कमी करा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर नेमकं काय सोसत नाही ते कळणार नाही. वाटीचा कटकट किंवा करकर आवाज दुखण्याशिवाय आणि सुजेशिवाय येत असेल तर त्याची भीती नको. आवाजाला घाबरून गुडघा न वाकवणारी माणसं मांडी आणखी घालवून बसतात.

टेपची जागा इथे आहे. त्वचा कोरडी, केस काढलेले, आधी मऊ चिकटपट्टीचा थर. मग ३८ मिलिमीटर रुंदीची न ताणणारी टेप वाटीच्या बाहेरच्या कडेपासून चिकटवा, वाटी आत ढकलत टेप ओढा आणि आतल्या बाजूची त्वचा बोटांनी पुढे गोळा करून टेप तिथे संपवा. लावण्याआधी आणि नंतर त्याच पायरीवरून पाच वेळा उतरून बघा. दुखणं लगेच निम्म्यावर आलं तर टेप ठेवा. फरक नसेल तर दिशा बदलून एकदा बघा, तरी नसेल तर काढून टाका. टेप वाटी जागेवरून फारशी हलवत नाही. दुखणं कमी करते, त्यामुळे मांडीवरचा दाब सैलावतो. व्यायामासोबत चार आठवड्यांपर्यंत तिचा उपयोग होतो. खाज किंवा पुरळ आल्यास त्याच क्षणी काढा, रात्री लावून झोपू नका. तयार मिळणाऱ्या बुटातल्या सोलचाही असाच, सुमारे सहा आठवड्यांचा आधार मिळतो. पाऊल जास्त आत कलणाऱ्यांना तो लगेच जाणवतो.

जिना उतरताना गुडघा आत वळतो

१५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवर आरशासमोर उभं राहून एका पायाने पाच वेळा हळू खाली टेका. गुडघा अंगठ्याच्या आत जातो, किंवा दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, तर नुसती मांडी सुधारून भागणार नाही. कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूंचे व्यायाम वाटीवर जवळजवळ भार टाकत नाहीत, म्हणून फार दुखत असताना पहिले दोन आठवडे त्यांनी सुरुवात करणं शहाणपणाचं. पुढे कुल्ला आणि मांडी दोन्ही. एकट्या मांडीच्या व्यायामापेक्षा जोडीने केलेले चांगले ठरतात, हे आता पक्कं आहे.

कुशीवर झोपून पाय उचलताना एक चूक जवळपास सगळे करतात: कंबर मागे कलंडते, बोटं छताकडे वळतात आणि काम कुल्ल्याऐवजी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाला जातं. पाठ आणि टाच भिंतीला टेकवून झोपा आणि टाच भिंतीवरून घसरत वर न्या. आपोआप बरोबर होतं.

तक्रार तिसरी: बरं वाटतं, सोडलं की परत

खरी ‘वारंवार’ तक्रार हीच आणि तिचं कारण बहुधा साधं असतं. मांडी चालू करणं आणि मांडी ताकदवान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बसल्या बसल्या दहा वेळा आवळणं पहिलं काम दोन आठवड्यांत करतं. त्यानंतर तोच व्यायाम सहा महिने केला तरी दुसरं काम होत नाही. दुखणं कमी झालेलं असतं, ताकद आलेली नसते, आणि जिने, धावणं, बसणं पूर्वीइतकंच सुरू होतं. गुडघा परत दुखला नाही तरच नवल.

मांडी दुखण्याशिवाय आवळता येऊ लागली, ९० ते ४५ अंशांत दुखणं ३ च्या आत राहिलं, की वजन वाढवायला लागा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा. प्रत्येक व्यायामाचे तीन फेरे, फेऱ्यात ८ ते १२ वेळा. वजन इतकं की बाराव्या वेळेनंतर फार तर आणखी दोनदा जमलं असतं. वीस वेळा आरामात होत असेल तर ते वजन ताकदीसाठी निरुपयोगी आहे. तिन्ही फेऱ्यांत बारा पूर्ण झाले की पुढच्या वेळी ५ ते १० टक्के वाढवा. एका पायाने करा. दोन्ही पायांनी केलं की चांगला पाय नकळत काम ओढून नेतो आणि दुखरा तसाच राहतो. पायरीची उंची १० सेंटिमीटरपासून, मग १५, मग २०. उतरताना तीन-चार सेकंद घ्या, कारण जिना उतरणं म्हणजे मांडीने लांब होत होत वजन धरणं, आणि तेच कच्चं असतं. कोनही दर दोन आठवड्यांनी थोडा उघडत न्या, ४५ वरून ६० वर, मग पूर्ण. हे सगळं किमान १२ आठवडे चालायला हवं.

जड वजन वाटीला सोसतच नसेल तर मांडीला पट्टा बांधून रक्तप्रवाह अंशतः रोखून हलक्या वजनावर व्यायाम करायची पद्धत आहे. कमाल वजनाच्या ३० टक्के, एकदा ३० वेळा आणि मग तीनदा १५-१५. पट्ट्याचा दाब प्रत्येकाच्या पायाप्रमाणे मोजून ठरतो, म्हणून ती प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीखालीच. रक्तदाब, शिरांचे विकार, गुठळीचा इतिहास असणाऱ्यांना ती देत नाहीत. घरी साधा पट्टा आवळून प्रयोग करू नका.

किती सुधारलं ते मोजा. मांडीचा घेर टेपने मोजण्यात अर्थ कमी, चरबी आणि सूज फसवतात. एकाच उंचीच्या खुर्चीवरून एका पायावर किती वेळा उठता येतं, २० सेंटिमीटरच्या पायरीवरून ३० सेकंदांत किती वेळा नीट उतरता येतं, हे दोन आकडे आठवड्यातून एकदा, दोन्ही पायांचे, वहीत लिहा. दुखरा पाय चांगल्याच्या ९० टक्क्यांवर आल्याशिवाय व्यायाम संपला असं धरू नका. त्यानंतरही आठवड्यातून एकदा-दोनदा चालूच ठेवा.

मग उरतो दिवसभराचा भार. व्यायामाच्या दिवशीच जास्त जिने, शिवाय दोन तास गाडी, शिवाय धावणं, असं झालं की दोष व्यायामाला लागतो. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने पाय लांब करून, गुडघा किंचित वाकलेला ठेवून, दहा वेळा मांडी आवळा. धावणाऱ्यांनी मिनिटातली पावलं ५ ते १० टक्के वाढवावीत, वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या जवळ पडतं आणि १० टक्के वाढीने वाटीवरचा सर्वोच्च भार सुमारे १४ टक्के उतरतो. परत धावायला लागताना १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असे दहा फेरे, एक दिवसाआड. तीन वेळा दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तरच धावायचा वेळ वाढवा.

अल्ट्रासाऊंड, लेझर, नुसती वाटी हलवून देणं यांवर पैसे आणि आठवडे जातात. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या अस्थिरोग शाखेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात यंत्रांचे असे उपचार वाटीच्या दुखण्यासाठी करू नयेत असंच म्हटलं आहे. भर आहे तो कुल्ला आणि मांडीच्या व्यायामावर. दुखणं अंगावर काढणंही महाग पडतं. उपचार सुरू व्हायच्या आधी जितके महिने गेलेले असतात तितकं ते चिवट होतं, आणि अर्ध्याहून अधिक जणांना काही वर्षांनीही कुरकुर राहते.

वर सांगितलेल्या वजनाने आणि कोनांनी सहा आठवडे नेमाने करूनही पायरीचा आकडा हलला नाही आणि दुखणं तेवढंच राहिलं, तर व्यायाम आणखी कडक करू नका. निदान परत तपासून घ्या: खुब्याची हालचाल, कंबरेतून येणारी नस, वाटीखालची कंडरा, सांध्यातलं पाणी. एमआरआय त्यावेळी मागितला तर त्यातून काही हाती लागण्याची शक्यता असते. जाताना आठवड्यांच्या आकड्यांची वही बरोबर न्या.